तात्यांनी केलेली मेमरीची बेरीज

निमगाव केतकीच्या अलीकडं एका वाडीत दूध संकलन केंद्र होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथलं माप आणि कॉम्प्युटर मी सांभाळायची. बारामतीत कोर्स केलेली गावातलीच मुलगी म्हणून मला ठेवलं होतं. ही नोकरी गेली तर पुण्याला मामांकडे जायचं, असं घरात ठरलेलं. आणि मला तर गाव सोडायचंच नव्हतं. कॉम्प्युटर मात्र पटला तर ठेवू, या बोलीवर आणलेला. पटला की नाही, हे केंद्राचे अध्यक्ष तात्या सांगणार होते.

तात्यांवर माझा फार जीव होता, पण माणूस असा की दुधानं तोंड पोळायच्या आधीच ताक फुंकून पिणार. मापावरच्या नोंदींची बेरीज आणि टाकीतलं दूध जुळल्याशिवाय ते सकाळचा चहा घेत नसत. एकदा सकाळी मी पडद्यावर यादी उघडली होती, कुठला प्रोग्राम किती मेमरी वापरतो त्याची. दूधनोंदीचा एकच प्रोग्राम तीन टर्मिनलांवर, म्हणजे त्याच कॉम्प्युटरला जोडलेल्या तीन पडदा-कीबोर्डांवर, चालू होता. तात्यांनी इंग्रजी सोडून दिलं आणि नुसते आकडे बोटांवर जोडले.

"ह्याची मेमरी किती म्हनलीस?"

"सोळा एमबी, तात्या."

"आन् ही बेरीज येतीया बावीस. टाकीत मावतं त्यापरीस जास्त दूध लिवलंय. म्हंजे मापावर कुणीतरी हात मारलाय. असलं यंत्र नगं आपल्याला."

मीही बेरीज करून पाहिली, बावीसच आली. आधी त्यांचा राग आला, मग कोर्समध्ये हे न शिकवणाऱ्यांचा. दुपारी केंद्रात कुणी नसताना मी एका टर्मिनलवरचा प्रोग्राम बंद करून पाहिला. यादीप्रमाणं सात एमबी मोकळी व्हायला हवी होती. एक पुरतीसुद्धा झाली नाही. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. प्रोग्रामच्या सूचना मेमरीत एकदाच ठेवलेल्या होत्या, तिन्ही टर्मिनलं त्याच वापरत होती, आणि यादी मात्र त्या प्रत्येकाच्या नावावर पुन्हा धरत होती. ज्याचं त्याचं वेगळं असं फार थोडं होतं.

संध्याकाळी तात्या किटली घेऊन दूध घालायला आले.

"तात्या, तुमच्या रानात विहिरी किती?" मी विचारलं.

"एक."

"तुमच्या थोरल्या भावाला विचारलं तर?"

"त्योबी एकच सांगंल. धाकलाबी एकच. अगं, सामाईक हाय ती. मोटारी तेवढ्या ज्याच्या त्याच्या." बोलता बोलता ते थांबले आणि पडद्याकडं वळले. "म्हंजे ह्यानं एकच विहीर तिघांच्याबी नावावर धरली व्हय?"

"व्हय, तात्या."

तात्या पोट धरून हसले. "मग ऱ्हाऊ दे यंत्र हितंच."

माझा जीव भांड्यात पडला, पण फुगलेले गाल काही उतरले नाहीत. "सकाळीच माझ्यावर विश्वास ठेवला असता तर?"

"तुझ्यावर हाय की इस्वास," तात्या म्हणाले. "पर बेरीज चुकली की गाव यंत्राला धरत न्हाय, पोरी. मापावर बसलेल्याला धरतं. मी बसायचो तवा मलाच धरलं हुतं."

मी त्यांचं दूध मापलं आणि नोंद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली.