हळदीकुंकू लावलेली कॅसेट

आमचं भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान होतं. दिवसभर ठोकाठोक ऐकणारे बाबा माझं मेटल संगीत लागलं की मात्र ओरडायचे, "बंद कर ना बे थे! कान फाटून राहिले!"

बाबांचं वेड वेगळं. जवळच्या शहापूरचे एक निवृत्त मास्तर दर रविवारी सकाळी एसटीने येत आणि बाबांना ख्याल शिकवत. पुढे अर्धांगवायूत गुरुजींचा आवाज गेला, तरी ते यायचे. बाबा गायचे, ते बोट हलवून चूक दाखवायचे. गुरुजींचं गाणं आता एकाच कॅसेटमध्ये उरलं होतं, आमच्या घरी भरलेल्या. नागपूरचा एक कॅसेटवाला जुन्या गवयांची ध्वनिमुद्रणं बाजारात आणणार होता. त्यात गुरुजींचं नाव लागलं, तेव्हा बाबांनी दुकानात पेढे वाटले.

त्याच आठवड्यात वरठीच्या माझ्या मित्राकडे मेटलचा नवाकोरा अल्बम आला, तोही एका दिवसापुरता. मला कोरी कॅसेट पाहिजे होती. कपाटात एक सापडली. वर नाव ना गाव, नुसतं हळदीकुंकू. आमच्याकडे नवीन वस्तू आली की तिला हळदीकुंकू लागायचंच, तराजू असो की मिक्सर. शिवाय कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची चिपळी शाबूत होती. जपायचं गाणं असेल तर ती तोडतात, मग वर दुसरं काही भरता येत नाही. म्हणजे कोरीच! मी दोन्ही बाजू भरल्या आणि बाबांनी बोंबलू नये म्हणून गुपचूप कॅसेट जागेवर ठेवून दिली.

रविवारी गुरुजी इस्त्रीचं धोतर नेसून आले. नागपूरचा माणूस आला. चहा झाला. बाबांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला आणि बटण दाबलं.

अरे बाप रे! बैठकीत माझाच अल्बम किंचाळत होता. गुरुजींचं बोट अधांतरी थांबलं होतं. अल्बम तसाच वाजत राहिला.

मला आधी बाबांचाच राग आला, खोटं कशाला बोलू? नाव तरी लिहायचं! पण गुरूचं नाव बॉलपेनने खरडायचं नाही, म्हणून त्यांनी ते लिहिलं नव्हतं. खंडित वस्तू पूजेत चालत नाही, म्हणून चिपळी तोडली नव्हती.

बाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग हात जोडले. "गुरुजी, माह्याच हातून पुसल्या गेली."

मी हादरलोच. खोटं बोलल्याबद्दल मला झोडपणारा माणूस चक्क गुरूपुढे खोटं बोलत होता! तोंड उघडायला हवं होतं मी. नाही उघडलं. गुरुजी काठी टेकत उठले आणि बाबा पाया पडायला वाकले तेव्हा त्यांनी पाय मागे घेतला.

पुढच्या रविवारी बाबांनी पेटी काढली, सतरंजी टाकली. शहापूरच्या तीन गाड्या येऊन गेल्या. गुरुजी आले नाहीत, पुन्हा कधीच आले नाहीत. बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. सायकलवर टांग मारून शहापूरला जायचं आणि खरं सांगायचं, एवढंच माझं काम होतं. आज जातो, उद्या जातो, असं करत दोन वर्षं काढली मी.

गुरुजी वारले ते आम्हाला दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. त्यांच्या घरच्यांनी बाबांना निरोपसुद्धा धाडला नव्हता.