इस्त्रीवाल्याची बायको नाही म्हणेना

"काय वाईट झालंय तिचं? सोनं झालंय पोरीचं," इस्त्रीवाल्याची आई दुकानाच्या पायरीवर बूड टेकत म्हणाली. "आधी एक शब्द बोलायची सोय नव्हती, अंगावर यायची. आता कशी हो म्हणते. तुला सुख बोचतं का रे?"

"आई, ती सगळ्यालाच हो म्हणते."

"मग म्हणू दे की!"

त्याची बायको आत उशांच्या खोळींच्या घड्या घालत होती. ऐकत होती की नाही, कळायला मार्ग नव्हता.

आठ महिन्यांपूर्वी माळ्यावरचं गाठोडं काढताना ती स्टुलावरून पडली अन् टेबलाच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं. तीन आठवडे दवाखान्यात काढले. हातपाय चालायला लागले, माणसं ओळखू यायला लागली. भांडण तेवढं परत आलं नाही. पूर्वी हिनं एका वकिलाचा कोट त्याच्याच अंगावर फेकला होता, खिशात अर्धवट खाल्लेली बिस्किटं निघाली म्हणून. दुकान हिच्या तोंडावर चालायचं. तो आपला खाली मान घालून इस्त्री फिरवायचा.

आता गिऱ्हाइकं सोकावली होती. वहिनी, माझे आधी कराल ना? हो. जरा डागही काढाल? हो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रोज दोन गोष्टी तिच्या तिला ठरवू द्या, कितीही वेळ लागो. पण चहा की दूध विचारलं तरी ती भिंतीकडे बघत बसायची. याचाच धीर सुटायचा. "चहाच करतो," म्हणायचा. तिचं हो तयारच असायचं.

अन् खरं सांगायचं तर चटक त्यालाही लागली होती. परवा म्हणाला, "जरा पत्ते खेळून येतो, तू बघशील ना दुकान?" हो. परत आला तर तिच्या मनगटावर भाजल्याचा टपोरा फोड. "जाऊ नका म्हणायला काय झालं होतं तुला?" तो ओरडला. ती म्हणाली, "हो." त्या रात्री त्याला घास गिळवला नाही.

पायरीवरच्या आईला ओलांडून लॉजचा मॅनेजर गाठोडं घेऊन आत आला.

"वहिनी, चाळीस चादरी. पाचच्या आत लागतील. होतील ना?"

इस्त्रीवाल्यानं जीभ दाताखाली धरली. बायको गाठोड्याकडे बघत राहिली. मॅनेजर घड्याळ बघायला लागला.

"होतील की," आई म्हणाली.

"तुला विचारलंय का?" तो खेकसला.

बायकोनं गाठ सोडली. एक चादर चाचपली, मग खालची. "ओल्या आहेत," ती म्हणाली. गाठ परत बांधली. मग म्हणाली, "नाही होणार."

मॅनेजर हसून इस्त्रीवाल्याकडे वळला. "मालक, तुम्ही बोला."

"ती बोलली ना? उचला."

मॅनेजर पुटपुटत गेला. आईही उठली. "आता बसा दोघं माश्या मारत," म्हणाली अन् चालू लागली.

बायको त्याच्याकडे वळली. "मी बरोबर बोलले का?"

हो त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. "तुला काय वाटतं?" त्यानं विचारलं.

ती भिंतीकडे बघायला लागली. तो थांबला. रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या, समोरच्या दुकानाचं शटर वर गेलं. टेबलावर पसरलेला शर्ट पार सुकून चालला होता. ती ठरवेपर्यंत तेवढा उरकावा म्हणून त्यानं पाण्याचा शिपका मारला अन् कॉलरवर इस्त्री टेकवली.