सातवी सूचना

दर जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात मी पहिलीच्या पालकांना सूचना पाठवते. हल्ली मोबाईलवर. ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला की धडाधड अंगठे वर येतात आणि त्यातल्या निम्म्या अंगठ्यांनी तो वाचलेला नसतो. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी विचारतं, "टीचर, डब्यात काय द्यायचं?" अहो, चौथ्या नंबरला लिहिलंय की! पण हल्ली मी चिडत नाही. म्हणजे चिडते, पण आधी चहा पिते.

सूचना सहा आहेत. मूल वेळेवर पाठवा. दप्तर त्याच्याच पाठीवर असू दे. नखं कापा. छोट्या सुट्टीच्या डब्यात घरचं द्या. वही रोज उघडून बघा आणि सही करा. मूल घरी काही सांगत असेल तर हातातलं काम ठेवून ऐका. एके काळी सातवीही होती. ती लिहिताना मी खाली दोन रेघा मारल्या होत्या, इतका मला तिचा अभिमान.

मी गोव्यातल्या डिचोलीची. पहिली नेमणूक मिळाली ती पार पेडण्याकडे, पार्श्याच्या पुढच्या एका गावात. दोन बस बदलून, शेवटचा चढ चालत चढून जायचं. तीन खोल्यांची मराठी शाळा, पुढे लांब व्हरांडा. पावसाळ्यात त्या व्हरांड्यात पोरांच्या छत्र्या उघड्या करून वाळत टाकलेल्या असायच्या आणि माझा पाय रोज एकीत तरी अडकायचा. साडेनऊच्या सुमाराला पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवरून जायचा. त्याचा भोंगा वाजला की माझा अख्खा वर्ग जनेलाकडे, खिडकीकडे, वळायचा. फळ्यावर मी काहीही लिहिलेलं असो, उंड्यांच्या वासापुढे माझं काही चालायचं नाही. आजही कुठे ताज्या पावाचा वास आला की मला तो वर्ग आठवतो.

वर्गात अकरा मुलं. त्यांची बोली ऐकून मी हवालदिल. "बाई, माका उदक जाय." मी म्हणायची, "मला पाणी हवं, असं म्हण." ते पोर म्हणायचं, "व्हय, पुण माका उदक जाय." गंमत म्हणजे संध्याकाळी फोनवर मी माझ्या आईशी काय पुस्तकातली मराठी बोलत होते थोडीच? "जेवलें गे, तूं जेवलें?" हेच चालायचं. पण शाळेच्या पायरीवर चढले की मी कुणी वेगळीच व्हायची. डी.एड. ताजं होतं, ओढण्यांना इस्त्री होती, आणि अक्कल यायची होती. तर मी सातवी सूचना लिहिली : घरी मुलांशी फक्त शुद्ध मराठीत बोलावे.

कागदाच्या प्रती काढल्या, वह्यांत चिकटवल्या, खाली पालकांची सही मागितली. दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा सह्या आल्या. मी मनात म्हटलं, बघा, असं शिस्तीत सांगितलं की लोक ऐकतात.

त्या अकरांत एक मुलगी होती, वर्गाची पोदेरच म्हणा. तिचा भोंगा प्रार्थनेच्या आधीच सुरू व्हायचा. कोणाच्या गायीला पाडी झाली, कोणाच्या विहिरीत कळशी पडली, काल कोणाची कोणाशी जुंपली, वाड्यावरची सगळी बातमी ती मला टेबलाशी येऊन सांगायची. तिची आई पणजीला कचेरीत. सकाळच्या पहिल्या बसने जायची, दिवेलागणीला परत. बाप डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचा, रविवारचा यायचा. मुलीचं सगळं आजोबा बघायचे. वेण्यासुद्धा तेच घालायचे. एक वेणी वर, एक खाली, पण रिबिनीच्या गाठी अशा पक्क्या की माझ्याने सुटत नसत.

कागदावर सही करून आजोबा स्वतः शाळेत आले होते. छत्री मिटून, टोपी काढून दाराशी उभे.

"बाई, एक विचारू? ही शुद्ध म्हणजे कसली?"

मला घाई होती. हजेरी व्हायची होती. मी म्हटलं, "अहो, जत्रेतल्या नाटकांत बोलतात ना, तशी. स्पष्ट, व्यवस्थित."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "तशी? ती माका येता!" म्हणाले आणि तरातरा निघून गेले. हे गृहस्थ गावच्या जत्रेत चाळीस वर्षं राजाचं काम करत आले होते, हे मला कोण सांगणार? आमच्या गोव्यात जत्रा म्हणजे देवळापुढे मराठी नाटक आलंच, आणि गावात असा बाप्या विरळा ज्याने कधी तोंडाला रंग लावला नाही. हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. माझ्या स्वतःच्या काकाने दोन जत्रा सेनापती केला होता. पण डोकं त्या वेळी हजेरीत.

पंधरा दिवस गेले असतील. मी बेरजा घालत होते. ती मुलगी उठली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गुरुमाते, जलप्राशनाची आज्ञा असावी."

मला हसू आवरेना. मी फळ्याला धरून हसले. मुलांना अर्थ कळला नाही, पण बाई हसतात म्हटल्यावर तीही हसली, आणि ती मुलगीसुद्धा हसली बरं का, दोन दात पडलेले, मोठ्या कौतुकाने. घरी हेच चालायचं म्हणे. सकाळी आजोबा हाक मारायचे, "कन्ये, अल्पोपहार सिद्ध आहे!" शाळेत निघताना, "चला, प्रयाण करू!" पेन्सिलीचं टोक मोडलं तर तिची लेखणी भंग पावायची.

इथेच थांबले असते तर बरं होतं. पण नाही. मी पोरांना धाडून हेडमास्तरांना बोलावून आणलं. शेजारच्या वर्गातल्या बाईंनाही. "म्हण गं, परत म्हण." तिने म्हटलं. सगळे पोट धरून हसले. "आणखी एकदा." तिने परत म्हटलं, पण या वेळी आवाज बारीक. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला, कर्म माझं, तरीही कळलं नाही. मी म्हटलं, "लाजली वाटतं."

दुसऱ्या दिवसापासून ती बोलेना. हजेरीला "हजर"सुद्धा नाही, नुसता हात वर. तहान लागली तर पाण्याच्या कळशीकडे बघत बसायची. आधी वाटलं, घसा बसला असेल. मग वाटलं, हट्ट आहे. गोड बोलले, रागावले, चिकीचं आमिष दाखवलं. काही नाही. प्रार्थनेच्या आधी माझ्या टेबलाशी आता कुणी येत नव्हतं आणि ती पाच मिनिटं मला खायला उठायची. शेवटी मी वहीत लिहिलं, 'मुलगी वर्गात बोलत नाही. घरी लक्ष द्यावे.' खाली आजोबांची सही आली. आठवड्याने पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा सही.

गणेश चवथीची सुट्टी तोंडावर आली तेव्हा तिची आई अर्धी रजा घालून शाळेत आली. कदेल पुढे केली तर बसली नाही.

"तुम्ही लिहिलंय घरी लक्ष द्यावं," ती म्हणाली. "मी लक्ष दिलं. काय दिसलं सांगू? माझा सासरा आणि माझी मुलगी समोरासमोर बसून जेवतात आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय? तुम्ही सगळ्यांना बोलावून तिला हसलात. वाटेवर पोरांनी आठ दिवस तिला चिडवलं, 'गुरुमाते, गुरुमाते' करून. म्हाताऱ्याने ते कानांनी ऐकलं. तेव्हापासून म्हणतो, माझ्यामुळे चेडवाचं हसं झालं. शुद्ध माका जमना, आणि दुसरां उलयल्यार बाईंचो नियम मोडता. त्यापेक्षा उगी रवतां, गप्प बसतां." तिने कदेल मागे सारली. "बाई, मी दिवसभर पणजीत. ती बोलायची ती त्या म्हाताऱ्याशीच. आता ती कोणाशी बोलू?"

ती गेल्यावर मी रिकाम्या वर्गात बसून राहिले. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि खरं सांगते, लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. ही पोर पुन्हा बोललीच नाही तर? सहा वर्षांचं बोलकं पोर मी मुकं केलं असेल तर?

शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. आजोबा अंगणात माटोळी धूत होते. चवथीला गणपतीच्या डोक्यावर ती लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, पानं, फुलं बांधतात, ती. बाजूला सुपात थोडी फळं जमवलेली. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी. मला बघताच आत पळाली.

आजोबांनी हात जोडले. गूळ-पाणी आणून ठेवलं. "बसा," म्हणाले, आणि गप्प. एरवी गावभर गाजणारा आवाज, पण त्या एका शब्दानंतर त्यांनी तोंड असं मिटलं की मला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही तिच्याशी बोला हो. पूर्वीसारखं."

त्यांनी मान हलवली. सुपातलं एक लाल फळ उचलून माझ्यापुढे धरलं. "दर वर्साक हांव तिका एकेकाचां नाव सांगतां, मागीर ती माका उचलून दिता. यंदा कशी सांगू? ह्या कांगलाक शुद्ध भाषेत किदें म्हणतत?"

मी त्या कांगलाकडे बघत राहिले. मला येत नव्हतं. लहानपणी डिचोलीला आमच्या माटोळीला मी ते स्वतःच्या हाताने बांधलं होतं, दर चवथीला, आणि त्याला कांगलां सोडून दुसरं नाव असू शकतं हे कधी डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"आनी ह्यो घागऱ्यो?" त्यांनी दुसरं उचललं.

"माका येना, आजोबा," मी म्हटलं. आणि तोंडातून आपसूक घरची बोली आली तसं मला रडूही आलं. चांगलं हुंदके देऊन. "म्हजें चुकलां. तुमी उलयात तिचेकडेन. कसलेंय उलयात, पुण उलयात."

आजोबा गडबडले. पण माणूस नियमाचा पक्का. म्हणाले, "बाई, तें सगळां बरां. पुण हांवें सही केल्या मगो."

आत जाऊन देवाच्या फोटोमागे ठेवलेली वही घेऊन आले. सूचनांचं पान उघडलं. माझ्या दोन रेघांची सातवी सूचना आणि खाली त्यांची ठसठशीत सही. बोट ठेवून म्हणाले, "ही मोडूची जाल्यार तुमी मोडा. हांव कसो मोडू?"

मी पर्समधून पेन काढलं आणि सातवी सूचना खोडली. ते म्हणाले, "सही." मी बाजूला सही केली. "तारीख." तारीखही घातली. त्यांनी वही लांब धरून नीट वाचून बघितली, मिटली, छाती भरून श्वास घेतला आणि घराकडे तोंड करून अशा आवाजात गरजले की परड्यातल्या कोंबड्या उडाल्या, "कोण आहे रे तिकडे?"

हा त्यांचा नि तिचा जुना खेळ होता, हे मला नंतर कळलं. राजाने पुकारायचं आणि शिपायाने धावत येऊन 'आज्ञा, महाराज' म्हणायचं. आतून काहीच आलं नाही. आजोबांचे खांदे उतरलेले मी बघितले. मी ओढणीने डोळे पुसत उठले, आता काय बोलायचं उरलं होतं?

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. बारीक, जरा रागावलेला.

"हांव, आजो! आनी कोण आसतलां?"

म्हातारा मटकन पायरीवर बसला. ती बाहेर आली आणि सुपातलं कांगलां उचलून तिने त्यांच्या हातात दिलं. मी तशीच वाटेला लागले. निरोपही घेतला नाही.

सोमवारी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, मी वर्गात शिरले. अजून प्रार्थना व्हायची होती. एक वेणी वर, एक खाली, अशी ती तडक माझ्या टेबलाशी आली, पण या वेळी पाठ माझ्याकडे आणि तोंड वर्गाकडे.

"आयकलां काय रे?" तिने सगळ्यांना विचारलं. "शेनवारा बाई आमगेर येवन रडली! मोठ्यान! नाक सुद्धां पुसलां!"

वर्ग फुटला. अकरा नाही, दहा पोरं बाकांवर हात आपटून हसत होती आणि ती मध्ये उभी राहून, दोन दात पडलेले, मोठ्या कौतुकाने हसत होती.

मी तिला म्हटलं, "बेस. आता जा, हेडमास्तरांना बोलावून आण. त्यांना पण सांग."