ज्योत निळी होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — तिच्यापासूनच तर लपवलंय. मग आज तुम्हाला का सांगतोय? परवा जेवताना माझ्या तोंडून एक वाक्य गेलं, आणि ते ऐकून मीच हादरलो. अजून सावरलेलो नाही. पण त्या वाक्यापर्यंत यायला जरा मागे जावं लागेल.

आम्ही शारजात राहतो, अल नहदात. मी इंजिनियर आहे — इमारतींमधल्या हवेचा. कुठल्या खोलीत किती हवा यायला हवी, किती बाहेर जायला हवी, ह्याची गणितं करून पोट भरतो. हसू नका, पुढे रडायचंच आहे.

आमची रेवा तिसरीत असताना मला घरी बिअर करायचं खूळ लागलं. शारजात दारूचा थेंब चालत नाही. सापडलो तर नोकरी, व्हिसा, सगळंच खलास. हे ठाऊक होतं — कदाचित म्हणूनच खूळ लागलं. माधवी, माझी बायको, खो खो हसली. "आले मोठे शास्त्रज्ञ!" म्हणाली, आणि गणपतीत मोदक उकडायचं मोठं पातेलं स्वतःच काढून दिलं.

बार्लीचा काढा बराच वेळ खळखळ उकळावा लागतो. घरच्या शेगडीला ते झेपेना. म्हणून वाळवंटात कॅम्पिंगला नेतो तो प्रोपेनचा बर्नर मी स्वयंपाकघरात मांडला. त्याच्या नळीच्या तोंडाशी एक चकती असते. ती उघडी ठेवली की ज्योतीला हवा मिळते, ज्योत निळी, स्वच्छ जळते — आणि जुन्या पंपाच्या स्टोव्हसारखी अशी घरघरते की विचारू नका. भिंतीपलीकडे शेजारी. त्यांना ऐकू गेलं तर? कुणी बेल वाजवून विचारलं, काय शिजतंय, तर?

मी चकती फिरवली. हवा कमी झाली, आवाज बसला. ज्योत पिवळी झाली, लांब, डुलणारी. पातेल्याचं बूड काळं पडायला लागलं.

पिवळी ज्योत म्हणजे गॅस अर्धवट जळतोय, आणि त्यातून असा विषारी वायू निघतो ज्याला ना रंग ना वास — हे मला माहीत नव्हतं? मला? तरी काढ्याचा वास बाहेर जाऊ नये म्हणून मी खिडकी लावली. एक्झॉस्ट फॅनही बंद केला, कारण सगळ्या मजल्यांचा डक्ट एकच. वर माधवीला सांगितलं, उतू जात नाही ना तेवढं बघ, मी काढा गार करायला खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, बर्फ आणतो. "डोकं दुखतंय रे," ती म्हणाली. मी म्हणालो, चहा घे. आणि खाली जाऊन दुकानदाराशी क्रिकेटवर गप्पा मारत उभा राहिलो.

परत आलो तेव्हा ती फ्रिजपाशी फरशीवर पडलेली होती. ओकारी झालेली. हाक मारली — उत्तर नाही.

मी बर्नर बंद केला, तिला ओढत बाल्कनीत आणलं. इथपर्यंत ठीक. पण ॲम्ब्युलन्सला फोन करायच्या आधी मी स्वयंपाकघरात परत गेलो, खिडकी उघडली, पातेलं कपाटात लपवलं आणि दार लावून घेतलं. ती बाल्कनीत तशीच पडली होती, आणि मी पातेलं लपवत होतो!

हॉस्पिटलमधला मल्याळी डॉक्टर चांगला होता. तिच्या बोटाला लावलेला चिमटा ऑक्सिजन उत्तम दाखवत होता — हा वायू त्या चिमट्याला फसवतो — पण डॉक्टरचं समाधान होईना. त्याने मला बाजूला घेतलं. "घर में कुछ जलाया था? कोयला, बखूर का धूप, गॅस का कुछ भी?"

"नहीं, डॉक्टर."

किती सहज गेलं ते! आवाज कापला नाही, नजर हलली नाही. मला माझीच भीती वाटली.

ती शुद्धीवर आली, वाचली. मग तपासण्या झाल्या — मेंदूच्या, हृदयाच्या. काही सापडेना. सापडणार कसं? कारण सांगता येत नाही, गाडी जपून चालवा, एवढंच डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर ती झोपली असताना मी ते पातेलं घासून लख्ख केलं. उठल्यावर तिने विचारलंच, "त्या गॅसमुळे नसेल ना रे?"

"छे! ज्योत निळी होती."

तिने मान डोलावली. नवरा हवेचा इंजिनियर. त्याला कळणार नाही तर कुणाला?

माधवीने गाडी सोडली. इथलं लायसन्स म्हणजे काय, ते इथल्यांना विचारा. पुन्हा पुन्हा नापास होऊन, रडून तिने ते मिळवलं होतं, अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले होते. दुबईतली नोकरीही गाडीच्या जोरावर होती, तीही सुटली. आत पडली तर दार उघडता यावं म्हणून ती बाथरूमला आतून कडी लावत नाही. मी हे रोज पाहत आलो.

तर परवाचं. रेवाला आता सतरा पूर्ण झाली. ह्या वयात इथे लायसन्स काढता येतं. तिने जेवताना क्लासचा विषय काढला. माधवीचा घास हातातच राहिला. "नको बाळा. मला हे काय आहे ते कुणालाच कळलं नाही. तुझ्यातही आलं असेल तर? स्टिअरिंगवर झालं तर?"

रेवा माझ्याकडे वळली. "बाबा, यू टेल हर. इज दॅट इव्हन पॉसिबल?"

दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. डॉक्टरसमोर इतक्या सहज आलेला तोच शब्द — ह्या वेळी तो खरा होता.

मी म्हणालो, "आईचं ऐक."

"ओके, फाइन," म्हणत रेवाने ताट उचललं. ती आत गेल्यावर माधवीने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं, तू बोललास."