गुडघ्याचे मटार

"अगं, मारलं! मारलं मला! कुणीतरी या रे!"

ही आरोळी माझी. मी पलंगाच्या कडेला पाय लोंबते सोडून बसलो होतो आणि समोर स्टुलावर बसलेली फिजिओथेरपिस्ट मुलगी माझा नवाकोरा गुडघा दोन्ही हातांनी मागे दाबत होती. अंगानं काडी. पण हातात अशी ताकद, की तिला चरकाला जुंपली असती तर मांजरी गावच्या समस्त ऊसवाल्यांनी यंत्रं भंगारात घातली असती.

"काका, श्वास सोडा."

"सोडतोय गं बाई. शेवटचाच सोडतोय!"

"अजून थोडा वाकवू. काल इथपर्यंत आला होता."

"काल मी जिवंत होतो!"

खालच्या मजल्यावरून खिडकीतून आवाज आला. तिथे एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. "अहो, जरा बेतानं मरा. माझी पूजा चाललीय. घंटा देवाला ऐकू जात नाहीये."

आणि स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "ओरडू द्या हो त्यांना. ओरडले की मोकळे होतात."

दिवाळी झाल्यावर माझा उजवा गुडघा बदलला, तेव्हापासून आमच्या घरातली प्रत्येक सकाळ ही अशी. ती मुलगी वाघोलीहून स्कूटरवर यायची. तिनं तिकडे स्कूटरला किल्ली लावली की इकडे माझा गुडघा सुजायला लागायचा, इतकं आमचं नातं घट्ट झालं होतं. माझी आरोळी कुठवर जायची ते मी सांगणार नाही, लोक म्हणतात मी वाढवून सांगतो. एवढंच सांगतो, की मांजरीच्या उसातले कोल्हे त्या महिन्यात दिवसाढवळ्या बाहेर पडले आणि कारण कुणालाच कळलं नाही.

खरं तर आधी बायकोचा गुडघा बदलायचा होता. दोघांना एकाच दिवशी सर्जननी तपासलं, दोघांचे फोटो दिव्यासमोर धरले आणि म्हणाले, "यांचा गेलाय. आणि तुमचे तर दोन्ही जाऊन बराच काळ झालाय." बायकोनं शांतपणे पर्स बंद केली आणि म्हणाली, "आधी यांचा करा. मग बघते."

यात नवीन काही नव्हतं. स्वयंपाक करताना चव घ्यायची नाही, ही तिच्या माहेरची शिस्त. नैवेद्याचा असेल त्या दिवशी कुणीच घेत नाही, एरवी मी. लग्न झाल्यापासून रोज कढईतला चमचा माझ्यापुढे येतो आणि ती म्हणते, "मीठ बघा." मी बघतो आणि म्हणतो, "अमृत!" भाजीत मीठ घालायचं राहिलंय तेव्हाही अमृत आणि दोनदा पडलंय तेव्हाही अमृत. त्यामुळे ती माझं तोंड ऐकत नाही, चेहरा बघते. तर आता तिनं मला गुडघ्याचं मीठ बघायला पाठवलं होतं.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू आहेत. लिफ्ट येईपर्यंत आमच्या पणतवंडांचे गुडघे झिजतील. बायको जिना उतरायची ती कठड्याला धरून, आडवी होऊन, एका पायरीवर दोन्ही पाय टेकले की मग पुढची. एकेकाळी हीच बाई मंडईत शिरली की भाजीवाले आपण होऊन किडकी वांगी बाजूला काढून ठेवत. आता तिची मंडई बंद झाली होती. मग कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान बंद झालं. माझं हॉस्पिटल सोडलं, तर नवरात्रानंतर ती खाली उतरलीच नव्हती. गॅलरीत उभी राहून ती रस्ता बघायची आणि मी विचारलं तर म्हणायची, "खाली आहे काय एवढं? धूळ."

म्हणून माझ्या गुडघ्यावर माझं एकट्याचं भवितव्य नव्हतं. तो बरा झाला असता तर ती ऑपरेशनला गेली असती. नाहीतर गॅलरी.

आणि गुडघा तर दुखतच होता! सर्जन म्हणाले, सांधा झकास बसलाय, काळजीचं काही नाही, दुखणं आपल्या सवडीनं जाईल. पण त्याला सवड मिळेना. सकाळी उठलो की पाय माळ्यावरच्या ट्रंकेच्या कडीसारखा अडकलेला. संध्याकाळी असा तापायचा, की वर पापड ठेवला असता तर भाजून निघाला असता. व्रणाच्या बाहेरची कातडी मात्र बधिर. पहिल्यांदा तिथं हात लागला तेव्हा मला वाटलं हा दुसऱ्याच कुणाचा तरी पाय, आणि सवयीनं मी त्याला नमस्कार करून मोकळा झालो.

गार शेकायला औषधाच्या दुकानातून जेलची निळी पिशवी आणली होती, पण ती गोठली की पाटीसारखी कडक व्हायची, गुडघ्यावरून घसरायची. तेव्हा बायकोनं फ्रीजरमधून मटार काढले. मटार स्वस्त झाले की आमच्याकडे एक आख्खा दिवस सोलण्यात जातो आणि वर्षभराची पाकिटं भरून फ्रीजरमध्ये रचली जातात. तुमच्याकडेही असतील. त्यातलं एक पाकीट तिनं उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून माझ्या गुडघ्यावर ठेवलं. काय सांगू! दाणे इकडून तिकडे सरकले आणि गुडघ्याच्या खाचाखोचांत जाऊन बसले, जणू माझ्या मापानंच पिकवले होते. हे पाकीट चुकून शिजू नये म्हणून तिनं त्याला लाल दोरा बांधला. दोरा म्हणजे गुडघा, बिनदोऱ्याचं ते उसळीचं. रोज संध्याकाळी ती माझ्याजवळ बसायची, पाकीट धरायची, आणि हात गार पडला की दुसऱ्या हातानं धरायची. मी म्हणायचो, "अगं, मी धरतो." ती म्हणायची, "तुम्ही बोलत बसा. दोन कामं एकदम जमत नाहीत तुम्हाला."

मग एका सकाळी मी ते ऐकलं. व्यायाम आटोपला होता, मी पलंगावर शहीद होऊन पडलो होतो आणि दाराशी ती मुलगी बुटाचे बंद बांधत विचारत होती, "काकू, आता तुमचा नंबर कधी?"

"नाही गं," बायको म्हणाली. "हे माझ्याच्यानं निभायचं नाही. रोज बघते ना मी यांना."

म्हणजे माझ्या ओरडण्यानं हिचा धीर खचला! मी त्याच क्षणी ठरवलं, आजपासून या घरात माझा आवाज निघणार नाही. पाय कापून नेला तरी मी हसून 'या परत' म्हणेन.

दुसऱ्या दिवशी मुलीनं गुडघा दाबला. डोळ्यांसमोर पर्वतीसकट सगळं पुणं गरगर फिरलं, पण तोंडातून ब्र नाही.

"काका? ठीक आहात ना?"

"उत्तम."

"दुखतंय का?"

"छे. गुदगुल्या होतात."

तिनं घाबरून हात काढला. पाचेक मिनिटांत दारावरची बेल वाजली. खालचे हेडक्लार्क. धोतर सावरत मान आत घालून त्यांनी मला नीट न्याहाळलं. "आवाज आला नाही म्हणून आलो."

"काळजी वाटली?" मी विचारलं.

"नाही. तुमचा पेपर रिकामा झाला असेल तर न्यावा म्हटलं."

बायको दारात उभी होती. माझा चेहरा बघत होती.

संध्याकाळी ती पाकीट घेऊन आली तेव्हा मी म्हणालो, "आता कशाला? बर्फाची गरज संपली. पोलादी झालाय गुडघा." तिनं माझ्याकडे पाहिलं, लाल दोरा सोडला, दाणे कबुतरांनी टिपू नयेत म्हणून कुंड्यांच्या मातीत पुरले, आणि अभ्रा धुवायला टाकला. त्या अभ्र्याकडे मी असा बघत राहिलो, जसा स्टेशनवर सोडायला आलेला माणूस सुटलेल्या गाडीकडे बघतो.

पण गुडघ्याला माझा निश्चय कुणी सांगितला नव्हता. त्याचं चालूच. मग मी दुपार गाठली. दुपारी आमच्या गल्लीत पाखरूसुद्धा बेल वाजवत नाही. बायको आतल्या खोलीत आडवी झाली, की मी काठी न टेकवता, भिंत धरून, मांजराला लाज वाटेल अशा पावलांनी फ्रीजरपाशी जायचो. उसळीचं सगळ्यात वरचं पाकीट काढायचं, अभ्र्यात घालायचं आणि गुडघ्यावर ठेवायचं. पंख्याची घरघर आणि आतून तिचा संथ श्वास ऐकत बसायचं. पाकीट मऊ पडलं की पुसून परत जागेवर. हिमालयात गुप्त रस्ते खणणाऱ्यांनीही एवढी गुप्तता पाळली नसेल.

असे काही दिवस गेले. मी गप्प, गुडघा गप्प नाही, आणि बायको दोघांहून गप्प. एकदा मी हळूच म्हटलं, "मग? सर्जनना फोन लावू का तुझ्यासाठी?"

"नको," ती म्हणाली. आणि यावेळी तिनं 'बघते'सुद्धा म्हटलं नाही.

मला काही कळेना. एवढा शूरपणा केला, तर बाई दोन पावलं मागेच!

त्या रविवारी हेडक्लार्क जेवायला यायचे होते. बायकोनं उसळीसाठी फ्रीजरमधून पाकीट काढलं आणि मला हाक मारली, "इकडे या." तिनं पाकीट ओट्यावर आपटलं. धप्प! वीट आपटावी तसा आवाज. मग दुसरं काढून हलवलं. त्यातले दाणे खुळखुळले.

"हे खुळखुळतात," ती म्हणाली, "कारण हे एकदाच गोठलेत. आणि याचा गोळा झालाय, कारण हे रोज वितळतात आणि रोज परत गोठतात. कोण वितळवतं?"

मी फ्रीजकडे बघितलं. "लाइट जात असतील."

"एकाच पाकिटाचे?"

ती स्टुलावर बसली. बसताना तिच्या दोन्ही गुडघ्यांतून वाळक्या फांद्या मोडल्यासारखा आवाज आला.

"अगं, माझ्या ओरडण्याला तू घाबरलीस म्हणून..."

"तुमच्या ओरडण्याला?" तिला हसू आलं. "तुम्ही चहा गरम लागला तरी ओरडता. ओरडण्याचं कोण मनावर घेतंय? तुम्ही खुर्चीतून उठताना गप्प व्हायचात, ते मी बघत होते. सासूबाई गेल्या तेव्हा दिवसकार्य होईपर्यंत तुमच्या तोंडातून शब्द नव्हता. तेवढी एकच वेळ. आणि आता दिवसचे दिवस तोंड बंद. मला वाटलं, डॉक्टरांनी तुम्हाला काहीतरी सांगितलंय आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय."

मी ओट्याला धरून उभा होतो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायची तिला घाई नव्हती. सगळी अतिशयोक्ती ऐन गरजेला मला सोडून गेली.

"मीठ बघायला पाठवलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "अमृत म्हणू नका. खरं सांगा."

मग मी सांगितलं. आयुष्यात इतकं बेताचं मी कधी बोललो नव्हतो. म्हणालो, दुखतं. उठल्यावरची पहिली पावलं दुखतात, जिना उतरताना दुखतं, संध्याकाळी ठणकतं. पण आधीचं दुखणं रोज थोडं वाढायचं, हे रोज थोडं कमी होतं. इतकं थोडं, की एका दिवसात कळत नाही. महिन्यापूर्वी मी फ्रीजपर्यंत चोरून जाऊ शकलो नसतो. काल गेलो आणि तुला जागसुद्धा आली नाही.

"आली होती," ती म्हणाली. "रोज येते."

"मग उठली का नाहीस?"

"तुम्ही किती नीट चालताय ते ऐकत होते."

मी हात पुढे केला, तिनं तो धरला आणि आम्ही दोघं दोन खराब, एका बऱ्या आणि एका नव्या गुडघ्यावर कसेबसे तोलत उभे राहिलो. तेवढ्यात मला आठवलं.

"गेल्या आठवड्यात उसळ केली होतीस ना? हेडक्लार्कांनी दोनदा वाढून घेतली होती. ते मटार..."

"गोळाच होता तो."

"माझ्या गुडघ्यावरचे?"

"अभ्रा होता मध्ये," ती म्हणाली.

मी असा हसलो, की खालून खिडकीतून आवाज आला, "सुरू झालं का परत? बरं झालं. जेवायला किती वाजता येऊ?"

बायकोनं त्यांना वेळ सांगितली. मग खुळखुळणारं पाकीट कापून दाणे कढईत टाकले आणि हलवत राहिली. शेवटी चमचा माझ्यापुढे धरला. मी चव घेतली आणि म्हणालो, "किंचित कमी आहे." तिनं चिमूटभर मीठ घातलं. गोळा झालेलं पाकीट परत फ्रीजरमध्ये ठेवलं आणि त्याला लाल दोरा बांधला.

"मग?" मी विचारलं. "करू का फोन?"

ती आत डोकावून फ्रीजरमध्ये उरलेली पाकिटं बघत होती.

"मंडईत मटार आहेत तोवर घेऊन या," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्यांचे तुम्ही सोलायचे."