नळ भरलेत, एवढंच वाटलं

४ ऑगस्ट. वनिताने शिवून ठेवलेल्या सहा ब्लाउजांना हुक लावायला बसले. सणाचे दिवस जवळ आलेत. बायका न्यायला येतात आणि दारात उभ्या राहिल्या की त्यांना बोलता येत नाही. वनिता माझी धाकटी जाऊ. तिला जाऊन पाच आठवडे झाले. जूचंद्रच्या आमच्या घरात मशीन तिचं, हुक माझे. "ताई, हे टाके आहेत की भाताची गोणी शिवलीस?" म्हणत उसवायची आणि हसत पुन्हा माझ्याच हातात द्यायची.

ती गेली त्या दुपारी ओटीपोट धरून मशीनवरून उठली. पाळी उशिरा आली होती, तीही थोडीशीच. त्याचंच दुखतंय म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "नल भरलं असतीन. तेल लावून चोल जरा." आमच्याकडे बाईचं पोट दुखलं की नळच भरलेले असतात. मी चोळलं, चांगला जोर लावून. "खांदा पण दुखतोय गं..." ती म्हणाली. मी म्हटलं, दिवसभर वाकून बसतेस, दुखेल नाहीतर काय! तासाभरात ती पांढरी पडली. रिक्षा माणिकपूरच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत तिचे हात गार झाले होते.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं. स्त्रीबीज गर्भनळीत शिरतं, पुरुषबीजाशी तिथेच मिळतं, आणि नळीतली बारीक लव त्याला हळूहळू गर्भपिशवीकडे सरकवते. वनिताचं वाटेतच अडकलं, नळीतच रुजलं. पिशवी ताणली जाते, नळी फुटते. "चोळल्यामुळे फुटली का?" मी विचारलं. "तसं नाही सांगता येत. पण पोटात रक्त साचलं की खांदा दुखतो, तेव्हाच आणायला हवं होतं." हे मी घरात सांगितलं नव्हतं... आता इथे लिहिलंय, सगळेच वाचतील.

चौथा ब्लाउज हातात असताना विरारहून लेकीचा, पल्लवीचा फोन आला. "आई, दिवस गेलेत. घरीच तपासलं. फक्त उजवीकडे दुखतंय जरा, नळ भरले असतील."

"कुणाला चोळू देऊ नकोस! खांदा दुखतो? चक्कर?"

"नाही गं. घाबरवतेस काय!"

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. चक्कर आली किंवा दुखणं वाढलं तर तडक या, नाहीतर सकाळी पहिला नंबर, असं त्या म्हणाल्या. मी ब्लाउज तसेच टाकून विरार गाठलं आणि पल्लवीसमोर बसून राहिले. ती नुसती उठली तरी मी मागोमाग उठे.

५ ऑगस्ट. सकाळी माणिकपूरला तिला सोनोग्राफीसाठी आत नेलं. पडद्यावर डॉक्टरीणबाईंनी ठिपका दाखवला. "गर्भ पिशवीतच आहे." पल्लवी रडायला लागली. मी तिला म्हटलं, "थांब," आणि डॉक्टरीणबाईंना दोन्ही नळ्या पुन्हा एकदा बघायला लावल्या.