अर्जनवीसाचा अर्ज

परंड्यात कचेरीसमोरच्या लिंबाखाली गौरीशंकरअप्पांचं टेबल आहे आणि टेबलाला आजोबांच्या वेळची पत्र्याची पाटी : 'अर्जनवीस'. निजामाच्या राज्यात आजोबांना लोकांचे अर्ज लिहून द्यायचा परवाना मिळाला, तेव्हाची. अप्पांच्या आजच्या परवान्यावर मात्र 'दस्तलेखक' असं छापलंय. नव्या साहेबांनी नोटीस काढली : पाटीवर परवान्यातलाच शब्द हवा. आठ दिवसांत जुनी पाटी उतरवा, काही म्हणणं असेल तर अर्ज करा.

अप्पांना अर्ज करा म्हणायचं, म्हणजे न्हाव्यालाच दाढी करून ये म्हणायचं. अप्पा मिशीतल्या मिशीत हसले, कागद ओढला आणि अडकले. चाळीस वर्षांत स्वतःसाठी त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती. समोर कुणी रडगाणं सांगायला बसल्याशिवाय पेनच हलेना. तिसऱ्या दिवशी ते शेजारच्या टेबलाकडं वळले. तिथं क्षमा बसते, नुकतीच सनद मिळालेली वकील. तू लिही पोरी, मी सांगतो, म्हणाले.

आणि सुटले. फारसीत नवीस म्हणजे लिहिणारा. चिटणीस, पारसनीस, सगळे त्याच घरचे. त्यांची आडनावं झाली, आमच्या वाट्याला लिंबाची सावली आली. अर्ज लिहिणाऱ्याला मोडी, उर्दू आणि समोरचा माणूस, तिन्ही वाचता यायला पायजेत, असं आजोबा म्हणायचे. आजोबांच्या बोरूपर्यंत गाडी येईस्तोवर कुर्डुवाडीच्या दोन एसट्या निघून गेल्या.

क्षमानं पेन खाली ठेवलं आणि अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला जे विचारतात, तेच विचारलं.

"हे समदं खरं, अप्पा. मागणं काय?"

लिंबाखालची माणसं खुसखुसली. याच प्रश्नानं अप्पांनी त्यातल्या निम्म्यांची बांधाची भांडणं दोन ओळींत बसवली होती. अप्पांनी चष्मा पुसला. परत पुसला.

"वर दस्तलेखक लिहितो म्हणावं. पर खाली बारीक अक्षरात तेवढा शब्द राहू द्या. माझ्यामागं तो सांगणारं बी कोण न्हाय."

तिनं तेवढंच लिहिलं आणि शिरस्त्याप्रमाणं मोठ्यानं वाचून दाखवलं. अप्पांनी एक वेलांटी सुधारली आणि झोकात सही ठोकली.

साहेबांनी कागद वाचला आणि खाली बघत राहिले. उजवीकडं अर्जदाराची जागा कोरी. अप्पांची सही डावीकडं, 'लिहिणार' या शब्दाखाली, चाळीस वर्षं करत आले तिथंच.

"अप्पा, अर्ज कुणाचा ते कळंना," साहेब म्हणाले.

अप्पांचा चेहरा पडला. डावीकडची खोडायला त्यांनी पेन उचललं, तर साहेबांनी हात धरला. उजवीकडं करा, ती राहू द्या. अर्जनवीस कोण याला आणखी पुरावा कशाला पाहिजे, असं म्हणत त्यांनी मंजुरीचा शेरा मारला.

आता पाटी नवी आहे. वर 'दस्तलेखक', खाली 'अर्जनवीस', आणि खालचा शब्द वरच्याच्या दुप्पट. रंगवताना अप्पा पेंटरच्या शेजारीच उभे होते. साहेबांनी विचारलं तेव्हा अप्पा शांतपणे म्हणाले, बारीक म्हणजे किती, हे काही अर्जात लिहिलेलं नाही.